तुम्हाला कसं सांगितलं?

—नाही नाही, उठू नका, बसा ना संजनाताई. हे झोपलेत आत, आत्ताच डोळा लागलाय. सफरचंदं कशाला आणलीत? बरं, ठेवा. पपई आहे घरात, पोट साफ राहायला हवं ना — पण ते तुम्हाला मी काय सांगणार, काल डॉक्टर बोलत होते तेव्हा शेजारी तुम्हीच होतात. बायको इथे सिडकोत मेथी निवडत बसलेली. तुमचा फोन आला तेव्हा कळलं — ‘वहिनी, घाबरू नका, नवनाथला मूळव्याधीसाठी घेऊन आलेय, छोटंसंच आहे, संध्याकाळी घरी.’ नवनाथ! पोरं शाळेत जायला लागली, मी अजून नावानं हाक नाही मारली. आणि घाबरले नाही हो मी, लाज वाटली. वर्षभर रक्त पडतंय माणसाचं, आणि मी रोज ताटात मिरचीचा ठेचा वाढतेय! रात्री विचारलं, मला का नाही सांगितलं? तर म्हणाले, ‘असलं तुला कसं सांगायचं?’ मग तुम्हाला कसं सांगितलं? कंपनीत, चहाच्या सुट्टीत? — काय? तुम्हालाही होती? बाळंतपणानंतर... अच्छा. म्हणून ओळखलंत तुम्ही, हे उभ्यानं चहा का पितात ते. घरीही उभेच असायचे. मला वाटायचं, माझ्याजवळ बसायचं नाही ह्यांना.

कापाकापी नाही म्हणे, टाकेही नाहीत. मुळाशी बारीकसं रबर बसवायचं, की कोंब सुकून आपोआप गळतो. तुमचाही तसाच गळला? दुखलं फार? — नाही, सहज विचारते. आणि दाखवायला लाज नाही वाटली? बाईडॉक्टर असते का तिथे? माझ्यासाठी नाही हो! मला कुठे... म्हणजे धाकटीच्या वेळेपासून पडतं थोडं, पण बाईमाणसाला असतंच काहीतरी. मला नाही कुणी विचारलं, तू अशी का बसतेस म्हणून. — नका, हात नका धरू माझा. आणि ह्यांना सांगू नका. सांगाल तुम्ही. बोलता ना दोघं.

थांबा... हाक मारतायत. काय म्हणाले? ‘संजना आली का’? डोळे उघडले की पहिलं नाव —

नाही हो, कुणी नाही! शेजारच्या आल्या होत्या, गेल्या! झोपा तुम्ही!

चपला घाला, ताई. दार हळू ओढा जाताना.