साडूचं पाकीट

…म्हणजे घास अजून गालातच आहे, दातसुद्धा लागला नाही त्याला, आणि पाठीवर धप्पकन हात! "सावकाश होऊ द्या, साडूभाऊ, सावकाश! घाई कुठंय?"

आता तुम्ही म्हणाल, अहो त्यात काय एवढं, चार माणसं जेवायला बसली की यजमान म्हणतोच, सावकाश होऊ द्या. म्हणतो! कबूल! पण ज्याचे पैसे द्यायचे बाकी आहेत ना, त्याच्या तोंडून एकदा ऐकून बघा. घास फिरतो तोंडात! आणि जेवताना म्हणतो ते सोडा, हा माणूस मला जिन्यात भेटला तरी म्हणतो. फोन ठेवताना म्हणतो. परवा मी त्याच्या दारात वाकून बुटाची नाडी बांधत होतो, तर वरून आवाज, "सावकाश होऊ द्या…" नाडी खातं का हो कोणी?

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. फर्निचरचं दुकान आहे त्याचं. घरातला सोफा दुकानातलाच, इतका मऊ, इतका खोल, की बसलं की गुडघे कानाला लागतात. आपण होऊन उठताच येत नाही! मग हा वरून हात पुढे करतो, मी तो मुकाट्यानं धरतो, आणि अर्धा वर, अर्धा खाली असा लोंबकळत असताना हा म्हणतो… काय म्हणतो ते तुम्हाला आता पाठ झालं असेल.

तर पैसे कशाचे? आमच्या न्हाणीघरातला पाइप फुटला. आमच्या नशिबाला फुटायला तोच सापडला! पाणी झिरपलं ते थेट खालच्या बाईंच्या छतात, छताचा पोपडा पडला त्यांच्या शिलाई मशीनवर, आणि मशीनवर होता कोणा नवरदेवाचा कोट. म्हणजे छत आमच्या डोक्यावर, मशीन आमच्या डोक्यावर आणि त्या नवरदेवाला आम्ही कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, त्याचा कोटही आमच्याच डोक्यावर! थोडं क्रेडिट कार्डावर भागवलं. उरलेलं साडूनं दिलं. कसं दिलं ते ऐका! बाजूला घेऊन हळूच द्यावं की नाही? नाही! सासू, सासरे, मेहुणे, सगळा गोतावळा जमलेला, आणि हा मधोमध उभा. "हे घ्या साडूभाऊ! कागद नको, व्याज नको, घरचंच आहे, परतफेड सावकाश होऊ द्या!" सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. कारणं वेगळी होती.

त्याच दिवशी माझ्या डोक्यात सूड शिरला. हसू नका! मी दिसायला गरीब आहे, चष्म्याच्या दुकानात लोकांच्या कानामागच्या काड्या वाकवतो, पण मनात धरलं की धरलं. एकच इच्छा! असंच सगळ्यांसमोर, याच्याच घरी, याच्याच तोंडावर पैसे ठेवायचे आणि म्हणायचं, "झालं सावकाश!" बस. मग मेलो तरी चालेल.

बायकोला म्हटलं, आधी साडूचे पैसे. ती म्हणाली, "अहो, डोकं ठिकाणावर आहे ना? कार्डाचं व्याज दर महिन्याला फुगतंय. भाऊजी एक पैसा व्याज घेत नाहीत. आधी व्याजाचं फेडायचं, बिनव्याजी मागाहून. हे काय सांगायला लागतं?"

"बिनव्याजी? अगं, मी दर जेवणाला व्याज भरतोय! मुद्दल तिथंच आणि अब्रू हप्त्याहप्त्यानं चाललीय!"

"मग तिथं जेवू नका."

झालं! बायकांकडे उत्तर तयार असतं. आणि तिचं चूक नव्हतंच हो. कार्डाचा घोळ माझाच. दिवसभर मी लोकांना तक्ता दाखवून म्हणतो, खालची ओळ वाचा, अजून खालची वाचा. आणि कार्डाच्या कागदावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ? ती वाचायला माझ्या डोळ्यांना काय झालं होतं?

पण थांबा. त्याच आठवड्यात ताईनं, म्हणजे साडूच्या बायकोनं, हिला जुने पडदे पाठवले. मांजरानं नखं मारलेले. वर निरोप, "तुझ्याकडे चालतील." चालतील! 'तुझ्याकडे' चालतील! बायको ते पडदे हातात धरून खिडकीशी उभी राहिली, त्या भोकांतून बाहेर बघत. मग वळली आणि म्हणाली, "भाऊजींचे आधी देऊन टाकू." तुम्हाला सांगतो, संसारात इतकं एकमत आमचं लग्नाच्या तारखेवरसुद्धा झालं नव्हतं!

मग काय, पगार झाला की जेवायच्या टेबलावर पाकिटं मांडायची. किराणा, वीज, शाळा, आईची औषधं, कार्डाला उपाशी मरणार नाही इतकं, आणि साडू. नावं घालायचं काम धाकट्या लेकीकडे, नुकती लिहायला शिकलीय. मी सांगत गेलो, ती जीभ बाहेर काढून लिहीत गेली. शेवटचं पाकीट हातात घेतो, तर काना गेला उडून आणि ऊकार बसला भलत्याच अक्षराखाली. साडूचं झालं 'सूड'! बायको म्हणाली, "चुकलंय, पुसून दे गं." मी म्हटलं, खबरदार! आयुष्यात एवढं बरोबर कोणी लिहिलेलं नाही.

आणि मग काटकसर म्हणाल तर अशी, की विचारू नका! टूथपेस्टची नळी संपली की कात्रीनं उभी चिरायची, आत आठवडा निघतो. साबणाच्या चिपट्या एकमेकींना चिकटवायच्या, असा चार रंगांचा साबण आमच्याकडे. कामावर चालत. माझे केस बायको कापायची, मालकांनी विचारलं, "आजारी होतास का रे?" आणि माझी आई! तिला तर राज्यच मिळालं. दिव्यांच्या बटणांखाली खुर्ची टाकून बसायची. मी अंगाला साबण लावलेला, आणि खट्ट! अंधार.

"आई, मी आत आहे!"

"ठाऊक आहे मला. अंग तुझंच आहे ना? सापडेल!"

लेकीनं सहलीला जायचं नाही म्हणून सांगितलं. आपण होऊन! मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून बोलावणं. बाई अगदी हळू आवाजात मला म्हणतात, "तुमची मुलगी म्हणते, सहलीला पैसे नाहीत, कारण घरी सूडासाठी पैसे साठवतायत. घरात… सगळं ठीक आहे ना?" काय सांगू त्यांना? म्हटलं, बाई, शुद्धलेखन कच्चं आहे तिचं, लक्ष द्या जरा!

पण पाकीट फुगत होतं हो! रविवारीही मी दुकान उघडायला लागलो. रात्री पाकीट उशाखाली. आणि जेवणं झाली की तालीम. बायको साडू व्हायची, माझ्या पाठीत दणकन हात घालायची. जरा जास्तच जोरात घालायची, पण ते असो. "सावकाश होऊ द्या, साडूभाऊ!" की मी उठायचं, पाकीट पुढे धरायचं, आणि म्हणायचं, "झालं सावकाश! मोजा!"

"'मोजून घ्या' म्हणा," ती म्हणायची. "'मोजा' अपमानासारखं वाटतं."

"अगं, अपमानच करायचाय!"

"हो, पण ताईसमोर करताय. नीट अपमान करा."

आणि दिवस उजाडला. सासूबाईंना पंचाहत्तर पूर्ण, साडूकडे जेवण, झाडून सगळे नातेवाईक. मी पाकीट आतल्या खिशात घालून, सोफ्याकडे ढुंकूनही न बघता, सरळ टेबलाशी ताठ बसलो. वाढणं सुरू झालं. साडू भांडं घेऊन फिरतोय, माझ्यापाशी आला, मी पाठ तयार ठेवली… आणि गेला पुढे! एक शब्द नाही! परत आला, वाढलं, मान डोलावली, गेला! माझी पाठ तशीच ताटकळत!

तेवढ्यात ताई म्हणते, "यांच्याशी कोणी बोलू नका हं. घसा पार बसलाय. डॉक्टरांनी आठवडाभर तोंड बंद ठेवायला सांगितलंय."

अहो, काय वाटलं असेल मला! महिनोन्महिने ज्या माणसाचं तोंड बंद व्हावं म्हणून मी तळमळलो, त्याचं ते नेमकं आजच बंद व्हावं? इतके महिने अंधारात आंघोळी केल्या त्या काय मुक्या माणसासाठी? समोरून बायको भुवईनं म्हणतेय, द्या तसंच. तसंच कसं द्या? तो "सावकाश" म्हटल्याशिवाय माझं "झालं सावकाश" लागू कुठं पडतं?

म्हटलं, थांब लेका, वदवतोच तुझ्याकडून! आणि मी सुटलो खायला. भराभर! घासावर घास! अशा माणसाला बघून दगडसुद्धा म्हणेल हो, सावकाश! तो समोरून बघतोय, डोळे मोठे करतोय, ओठ हलतायत, आता म्हणतो, आता म्हणतो… मी एक अख्खा बटाटा उचलला आणि त्याच्याकडे रोखून बघत तोंडात टाकला.

अडकला.

श्वास बंद! वर नाही, खाली नाही! आणि सगळं टेबल ओरडतंय, "सावकाश! सावकाश!" सासूबाई सावकाश, सासरे सावकाश, ताई सावकाश, माझी स्वतःची बायको सावकाश! सगळ्या घरात सावकाश न म्हणणारा एकटा तोच! तो नुसता धावला, मागून मला कवेत घेतलं, पोटाशी असं काही आवळलं की बटाटा सुटला तो सरळ केकवर, सासूबाईंच्या पंचाहत्तरातल्या पाचाच्या मेणबत्तीशेजारी!

डोळ्यांतून धारा, आवाज गेलेला. पण मनात म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. काढलं पाकीट, घातलं त्याच्या हातात. तर सासूबाई कडाडल्या, "जावईबापू! जीव वाचवला म्हणून कोणी पैसे देतं का? लाज नाही वाटत?"

मी मान हलवतोय, नाही हो, नाही! तोंडातून नुसतं खर्र, खर्र! आणि साडू, त्याचंही तोंड बंद, तो छातीवर हात ठेवून नको नको करतोय. मी पाकीट ढकलतोय, तो परत ढकलतोय. दोन मुके! ताई पदर डोळ्यांना लावून म्हणते, "बघा, मन किती मोठं यांचं!" आणि बायको? तिला वाचा होती की हो! बोलली एक अक्षर? हूं की चूं नाही!

शेवटी सासऱ्यांनी पाकीट ओढून घेतलं. जन्मभर शाळेत मास्तर होते. चष्मा वर केला, मीच बसवून दिलेला, आणि मोठ्यानं वाचलं, "सूड?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. म्हटलं, वाचलं! कोणीतरी वाचलं एकदाचं! आता होऊन जाऊ दे!

सासऱ्यांनी खिशातून पेन काढलं. "नातीचं अक्षर दिसतंय. अहो, साडूला काना असतो. आणि ऊकार 'ड'ला." केली दुरुस्ती, ठेवलं पाकीट माझ्या खिशात, आणि वरून थोपटलं. इतक्या महिन्यांचा सूड माझा, दोन फटकाऱ्यांत शुद्ध करून साभार परत!

घरी येताना बायको म्हणाली, "परत आलेच आहेत, तर उद्या कार्ड भरून टाकते." आणि भरलं हो! अख्खं! व्याज बंद! "मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते," वर हेही ऐकवलं. म्हटलं, अगं पण पडदे? तुझा अपमान? तर म्हणते, "ताई आज किती हळवी झाली होती. नवे देते म्हणालीय."

म्हणजे फितूर! पडद्यांवर फितूर!

आणि साडूचा घसा आठ दिवसांत मोकळा झाला ना! आता तो गावभर सांगतो, दुकानात गिऱ्हाइकांना सांगतो, "हे आमचे साडूभाऊ, त्या दिवशी मी नसतो ना…" आणि जेवताना? पाठीवर हात, "सावकाश होऊ द्या!" आणि आता सगळं टेबल माना डोलावतं, बरोबरच आहे म्हणून! पूर्वी निदान शंका तरी घेता यायची!

काल टेबलावर पाकिटं मांडली होती. मी बायकोला म्हटलं, "अगं, पैसे काय, वर्षभरात फिटतील. पण जिवाचं काय? आता मी श्वास घेतो ना, तोसुद्धा त्याच्याकडून उसना घेतलेला!"

ती नोटा मोजत होती. मान वर न करता म्हणाली, "मग जरा बेतानं घ्या."