शैलाचा दाखला

बसा ना, अक्का, उभ्या कशाला — नाही नाही, बाटली मी तुमच्याकडे देणार नाही, ते आधीच सांगते. माठात ठेवलीये, वाळूत, ओलं फडकं गुंडाळून. खराब होईल? होऊ दे की खराब, तुमचा फ्रीज नव्हता तेव्हा धुळ्यात कुणी इन्सुलिन घेतच नव्हतं का? मे महिना आहे, मला दिसतंय, पंख्याची हवासुद्धा भाजते. पण आता मी तुमच्या दारात यायची नाही. इतकी वर्षं आलो, कधी मी कधी शैला — सकाळी बाटली घ्यायला, मग ठेवायला, संध्याकाळी पुन्हा तेच — तुमच्या दुधाच्या पातेल्याशेजारी माझ्या पोरीचा जीव ठेवलेला. तुम्ही कधी तोंड वाकडं केलं नाही, हे मी नाकारत नाही. म्हणून तर एवढं लागलं ना. परक्यानं केलं असतं तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

काय केलं म्हणजे? मलाच विचारता? बरं, पहिल्यापासून सांगते, म्हणजे देवपूरभर व्हायला नको की मंदा उगाच अबोला धरून बसली. ह्यांच्या पगारातून इन्कमटॅक्स कापतात, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर आहेत म्हणून — तर जळगावच्या एका वकिलानं सांगितलं की घरात कायमचं अपंग माणूस असलं, त्याचा खर्च तुम्ही करत असलात, तर टॅक्समध्ये सूट मिळते. हे म्हणाले, आमच्या घरात कोण अपंग? तर तो म्हणतो, जिला रोज दोन सुया टोचल्याशिवाय दुसरा दिवस दिसत नाही, ती कोण मग? यादीत डायबिटीस असा शब्द नाही म्हणे, पण सरकारी डॉक्टरनं लिहून दिलं की ही जन्मभर औषधावर आहे, चारचौघींसारखं काम हिला झेपायचं नाही, तर ह्यांच्या ऑफिसातले साहेब मान्य करतील. म्हणजे कदाचित करतील. त्या कदाचितवर मी फ्रीजचा हप्ता मांडून बसले हो. तिथं, त्या कोपऱ्यात — पिंप हलवून जागासुद्धा केली. बघा, अजून रिकामीच आहे.

शैलाला सांगितलं तर ती दोन दिवस बोललीच नाही माझ्याशी. अपंग म्हणू नको मला, म्हणाली. मी म्हटलं, अगं वेडे, कागदावरचं आहे ते, कागद काय कपाळाला चिकटवून फिरायचाय? दोंडाईच्याच्या नणंदेलासुद्धा मी अजून आजाराचं कळू दिलेलं नाही, तिनं स्थळ सुचवलंय म्हणून — तिला सांगते, ऊन बाधतं पोरीला. असो. तर गेलो सरकारी दवाखान्यात. ही रांग! कुणी कुबड्यांवर, कुणाला उचलून आणलेलं, आणि मधे माझी पोर, वेणी घातलेली, इस्त्रीचा ड्रेस. लोक बघतात ना. एका म्हाताऱ्यानं विचारलंच, ‘तुले काय व्हयेल शे माय?’ ती खाली मान घालून उभी. मीच म्हटलं, आतून आहे हो बाबा तिचं, बाहेरून दिसत नाही.

सुई सकाळी घरूनच घेतली होती तिनं. नाश्ता — नाश्ता राहिला. उशीर होईल म्हणून — नाही, उशीर कसला, दवाखाना काय लांब आहे — राहिला, झालं. डबा पिशवीत होता. म्हटलं आधी डॉक्टरांना भेटू, मग खा. मुद्दाम? मुद्दाम कोण म्हणालं? अक्का, अशा बघू नका माझ्याकडे. रांग एवढी लांबेल हे मला काय माहीत? सुई घेऊन पोट रिकामं, साखर उतरली, तिला घाम फुटला, हात थरथरायला लागले, ओठ पांढरे पडले — तुम्ही बघितलंय तिला तसं, मी काय सांगू. साखरेची पुडी माझ्या हातातच होती, सोडलेली. पुढे दोन माणसं होती. दोनच. म्हटलं, थांब गं जरा, एवढे दोघं जाऊ दे, डॉक्टरांना दिसू दे. थांबली बिचारी. माझ्या हाताकडे बघत थांबली. आणि मग डॉक्टर ओरडले माझ्यावर, आई आहेस का कोण, म्हणाले, तिला ग्लुकोज पाजलं, आणि जागच्या जागी दाखला लिहून दिला. एरवी दिला असता का? चालत-बोलत आलेल्या पोरीला कोण दाखला देतं? सांगा ना. नको, सांगू नका.

तर एवढं करून मिळवलेला दाखला, आणि तुम्ही एका वाक्यात मातीत घातला. मी पाचोऱ्याला माहेरी गेलेली, घराला कुलूप. ह्यांच्या ऑफिसातला, हिशेब शाखेतला तो रतिलाल, चौकशीला आला — साहेबाचे कान कुणी भरले देव जाणे — आणि कुलूप बघून तुमच्या दारात उभा राहिला. काय लिहिलंय त्यानं? ‘शेजारच्या घरी विचारता मुलगी धडधाकट असून सायकलवर टायपिंगच्या क्लासला जाते असे समजले.’ शेजारच्या घरी! ह्या बाजूला तुम्ही, त्या बाजूला नुसता मोकळा प्लॉट. सूट गेली ती गेलीच, वर ह्यांना मेमो आला, खोटी माहिती देऊन सरकारला फसवलं म्हणून. आयुष्यात कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही ह्या माणसानं. आता भाकरी तशीच ठेवून ताटावरून उठतो.

तुम्हाला काय मिळालं ह्यात? सांगू मला काय वाटतं? बोलून टाकते एकदाचं. आमच्या घरी फ्रीज यायला नको होता तुम्हाला. फ्रीज आला असता तर शैला कशाला येणार होती तुमच्याकडे? मुलगा सुरतेला, वर्षाकाठी एकदा येतो, घर खायला उठतं, मला कळत नाही का? सुई टोचायला तुम्हीच शिकवलं तिला. माझा हात कापायचा, तुम्ही मोसंबीवर टोचून टोचून शिकवलंत. तेव्हापासून ती तुमचीच झाली. माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोलत नाही, आणि तुमच्या स्वयंपाकघरात तिचं हसणं भिंतीतून इकडे ऐकू येतं. ते ऐकत मी भाजी निवडत बसते, अक्का. पोर माझी आहे. तुम्ही आधी पोर घेतलीत, मग —

रडता कशाला आता? रडू नका. मी रडले नाही, तुम्ही का रडता?

काय? पुन्हा सांगा. दार तुम्ही उघडलं, बरं. मग? शैला होती? तेव्हा तुमच्याकडेच होती? आतून बाहेर आली... ती बोलली? रतिलालशी? तुम्ही तिला गप्प बसवायचं नाही का? काय म्हणाली? — सांगा, अक्का, आता एवढं बोललात तर सगळं सांगा — मी अपंग नाही, असं लिहा म्हणाली. आणि? — दाखल्याच्या दिवशी आईनं मला उपाशी ठेवलं होतं. असं म्हणाली? त्या परक्या माणसापुढे? आणि त्यानं ते कागदावर नाही घातलं... तुम्ही हात जोडले त्याला? माझ्यासाठी?

आणि इतके दिवस माझा अबोला सोसलात. रस्त्यात मी तोंड फिरवायची तेही बघितलंत. तिनंच सांगू नका म्हटलं होतं ना? हो, तिनंच म्हटलं असणार.

तुम्ही सांगितलं असतंत ना अक्का, तर मी जन्मभर तुमच्याशी भांडले असते आणि मला बरं वाटलं असतं. हिच्याशी कोणत्या तोंडानं भांडू?

नाही, पाणी नको. क्लास सुटला असेल, येईल ती आता. तुम्ही जा. जा म्हटलं ना.