माह्या मशीनीवर रत्नप्रभा

हॅलो? कोण?… दीपा! व्हय, मीच, सत्यशीला. मोबाईल ट्रॅक्टरवाल्या धावजीचाच हाय, तो ट्रॅक्टरच्या सावलीत झोपला… काहून कुजबुजून राह्यली? आले काय जिनिंगवर तपासनीले लेबर साहेब?

आमी? कुठं असनार! मांगच्या नाल्यात. शेठनं समद्या बायायले ट्रॅक्टरवर कोंबलं. कोनी इचारलं तं सांगा म्हने, लग्नाले चाललो… उन्हात बसलो बापा. तुह्यं बरं हाय, चहाच्या खोलीत.

कोण? रत्नप्रभा?… शेठच्या घरी पोळ्या लाटते ती? तिले कायले उभी केली?… बूट? मास्क बी? नवे हायेत काय गं?… अवो माय! मी तोंडाले पदर बांधून दिवसभर रुई गिळतो, रातभर खोकलतो, मले कधी एक चिंधी देली नाई शेठनं. अन् तिले बूट!

मी कायले जळू?… हो, जळतो! जळतो, मंग?

कोनत्या मशीनीवर? खरं सांग दीपा… खिडकीजवळच्या? अवो, ती माही मशीन हाय!

काय सांगून राह्यली साहेबाले?… ‘पयल्यापासून मीच हावो इथं’? असं म्हनली? लाज नाई वाटत तिले! जिनिंग उघडली तवापासून मी त्या मशीनीवर उभी हावो, अन् साहेब मान हालवून राह्यले? माह्या मशीनीवर तिचं नाव?

थांब. मी येतो तिथं.

नाई, नाई ऐकत… माईत हाय मले. औंदा कापूसच नाई, बाकीच्या जिनिंग बंद पडल्या, शेठनं हाकललं तं कुठंच काम नाई. माईत हाय ना!… तुह्यं नाव नाई घेत मी. रडू नको अशी…

निंगाली बी मी. फाटक दिसून राह्यलं… ए भीमराज, सरक. सरक म्हनतो ना! कोनाचं लग्न? कायचं लग्न?… दीपा, हाय ना तू? ठेवू नको फोन, मले भेव वाटून राह्यलं.

साहेब! ओ साहेब, इकडं पाहा! मी सत्यशीला. ती मशीन मी चालवतो… नाई साहेब, लग्नाले नाई. नाल्यात लपवलं आमाले, समद्या बाया तिकडंच हायेत… शेठ, तुमी मंग बोला.

अन् तू वो रत्नप्रभे… काढ आधी ते बूट.