पासवर्डाचा तिसरा तुकडा

समारंभाच्या अध्यक्ष माननीय कुलगुरू मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आमचे सर, पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, सहकारी आणि विद्यार्थी मित्रांनो,

सरांनी आयुष्यभर गुप्तलेखन आणि सायबर सुरक्षा शिकवली. त्यांच्या ग्रंथांबद्दल आधीचे वक्ते बोललेच आहेत. मी एका पासवर्डाबद्दल बोलणार आहे. घाबरू नका, सांगणार नाही. मला तो पूर्ण ठाऊकच नाही.

आपल्या विद्यापीठाचे सगळे निकाल ज्या संगणकावर कुलूपबंद असतात, त्याच्या पासवर्डाचे सरांनी तीन तुकडे केले. एक स्वतःकडे ठेवला. उरलेले दोन कुणाला द्यायचे? सर म्हणाले, ज्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही अशांना. म्हणजे संगनमत होणार नाही. तेव्हा विभागात फळा पुसण्यावरून एका गृहस्थांचा आणि माझा अबोला होता. आमची निवड बिनविरोध झाली.

आता प्रत्येक निकालाला आम्ही तिघं त्या संगणकाच्या खोलीत जायचो. एकाने आपला तुकडा टाइप करायचा, उरलेल्या दोघांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. आणि सर एका बोटाने टाइप करतात. त्या भिंतीकडे बघत शेजारीशेजारी उभं राहून माणूस किती वेळ गप्प बसणार हो?

आमच्या लग्नाची बातमी द्यायला आम्ही दोघं गेलो, तर सरांनी कपाळाला हात लावला. "दोन तुकडे एका घरात? आता निदान माझं तरी तुमच्याशी जमता कामा नये."

तो नियम त्यांनी आजवर पाळला. आमच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. लेकीच्या वाढदिवसाला फाटकातून खेळणं आत सरकवतात आणि वळून चालू लागतात. ती त्यांना फाटकवाले आजोबा म्हणते. माझं ऑपरेशन झालं तेव्हा सर दिवसभर माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून होते. नर्सने विचारलं, तर म्हणाले, दुसऱ्या पेशंटसाठी आलोय. वहिनी, मी आतून सगळं ऐकत होते. त्या दिवशी मला फार रडू आलं.

आज सर निवृत्त होताहेत. त्यांचा तुकडा कुणाच्या तरी हाती सोपवायला हवा, आणि तो माणूस आम्हा नवराबायकोशी न बोलणारा हवा. तो मिळेपर्यंत सर निवृत्त झाले तरी मोकळे होणार नाहीत, आणि आमच्या घरात चहाला येणार नाहीत. पण विभागात सगळे आमच्याशी गोड! महिनाभर सर घरोघरी आमच्या चुगल्या करत फिरले, उपयोग शून्य. त्यांच्या जागी आलेल्या नव्या प्राध्यापकांचा तर मी न विचारता डबा खाल्ला. ते म्हणाले, उद्या जास्त आणतो. ह्यांनी त्यांच्या शोधनिबंधाला रद्दी म्हटलं. त्यांनी आभार मानले.

तेव्हा अध्यक्षांची परवानगी घेऊन सांगते. मघाशी नव्या प्राध्यापकांनी सरांवर जी स्वरचित कविता म्हटली, ती अतिशय सुमार होती. चाल तर लावायलाच नको होती. आणि दुसऱ्या कडव्यात मान्यवर पेंगत होते, ते दमले होते म्हणून नव्हे.

हसू नका, मी गंभीरपणे बोलतेय. हं, ते उठले. नाही, त्यांना थांबवू नका. दार आपटलं, ऐकलंत ना? सर, धावा! अजून जिन्यातच असतील. चष्मा राहू द्या, तुकडा तुम्हाला पाठ आहे!

चला. सत्कारमूर्ती गेले, आता आभार. कुलगुरू मॅडमचे, आयोजकांचे, आणि विशेष आभार त्या रागावलेल्या कवींचे. बोलण्याच्या ओघात कुणाचा अधिक-उण्या शब्दांनी अपमान झाला असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करावी. त्यांनी मात्र करू नये, एवढी कृपा करावी.

आणि वहिनी, संध्याकाळी सरांना घेऊन या. फाटक उघडंच ठेवते. पण आत या.