बुटकीला शून्य

नाही नाही, त्या स्टुलावर नका बसू, डगमगतं ते — ही खुर्ची घ्या. आणि डबे ठेवा तिकडे ओट्यावर, बघते मी मग. हां, तर तुम्ही शून्याचं विचारत होतात. शून्य मीच दिलंय. सही माझी, अक्षर माझं. समितीत कुणाला वाटत असेल की बाईचा हात चुकला, तर तसं काही नाही. सव्वीस वर्षं या खोलीत भात शिजवून वास घेतेय मी — सकाळी वीस वाट्या, दुपारी वीस वाट्या. वास नसला की शून्य, घमघमला की तीन. अख्ख्या भात संशोधन केंद्रात मला ‘नाक’ म्हणतात, माहीत आहे ना? माझं नाव कुणी घेतच नाही. ‘नाकाला दाखवलंत का?’ — एवढंच विचारतात. नाकानं हो म्हटलं तर वाण पुढे, नाही म्हटलं तर पोतं शिवून टाका, संपलं.

आता तुम्ही म्हणाल, त्या दुसऱ्या कागदावर तर ‘सुवासिक’ लिहिलंय. लिहिणारच! तो कागद कुणाचा? चिमट्याचा. म्हणजे वरच्या मजल्यावरची ती नवी बाई हो — मीच ठेवलंय ते नाव. सदानकदा हातात चिमटा. रोप वीतभर झालं की चिमट्यानं पानाचा एवढासा तुकडा घ्यायचा, नखाएवढा, आणि यंत्रात घालायचा. संध्याकाळी सांगणार, भाताला वास येणार! अहो, अजून लोंबी नाही, दाणा नाही, चूल पेटलेली नाही — आणि वास येणार? मूल पाळण्यात असताना ते गाणार की नाही सांगण्यातली गत. आणि मला म्हणते काय, तर मावशी! पहिल्याच दिवशी. ‘मावशी, तुमचं काम आता हलकं होईल.’ मी म्हटलं का तुला, माझं काम जड आहे म्हणून?

नाही, हसू नका. मला त्यातलं कळत नाही असं समजू नका. सरांनीच शिकवलंय मला — सर म्हणजे हे वाण तयार करणारे आमचे सर, ज्यांचा हा शेवटचा वाण आज चार वाजता तुमच्या समितीपुढे आहे, तेच. इथे, याच ओट्यावर काडेपेटीतल्या काड्या मांडून शिकवायचे. भाताच्या गुणसूत्रांच्या बारा जोड्या. तिसरीवर दाण्याची लांबी, सहावीवर भात मऊ होणार की फडफडीत, आठवीवर वास. आणि गंमत म्हणजे वास काही जास्तीचं असल्यामुळे येत नाही, तिथलं जनुक बिघडलेलं असतं म्हणून येतो. आईकडूनही बिघडलेलं यायला हवं, बापाकडूनही, तेव्हा कुठे भात घमघमतो. मी म्हटलं, सर, म्हणजे बिघडल्याचंच कौतुक! केवढे हसले होते. सकाळी शेतातून आले की शर्टाच्या खिशात दाण्यांच्या पुड्या असायच्या, पहिली पुडी इथे. बायकोच्या आधी मला दाखवता म्हणून मी चिडवायची त्यांना. वीस वर्षं पहिली पुडी इथे! आणि आता खिशात काय? पानाचे तुकडे. जिन्यावरून थेट वर. माझ्या दारावरून जातात हो — चपलांचा आवाज ओळखते मी — थांबत नाहीत. तिच्याकडे तासन्तास बसतात, दोघं मिळून पडद्यावरच्या रेघा बघतात. रेघांना वास असतो का? सांगा ना. आणि ती इथून नुसती गेली तरी तिच्या सेंटनं माझी खोली भरते, आता या खोलीत वास घ्यायचा तरी कसा? आज सकाळीसुद्धा — बघा, अजून येतोय.

काय? … रजेवर? कधीपासून? सोमवारपासून. बरं. मग कालचा परवाचा असेल, मुरतो तो पडद्यांत. असो. तुमच्यासारख्यांना नाही जाणवणार.

दाखवते ना पद्धत, दाखवते. लांबी अशी मोजायची: आलेखाच्या कागदावर दहा दाणे एका रेघेत, शेपटीला डोकं लावून. मग शिजवायचे, पुन्हा दहा मांडायचे. चांगला वाण जवळजवळ दुप्पट लांब होतो, पण जाड होत नाही. त्या बशीत सहा-सहा दाणे आहेत ना, ते अल्कलीच्या पाण्यात ठेवलेत काल दुपारपासून. काही विरघळून पसरलेत, काही तस्सेच घट्ट — जो पसरला तो लवकर शिजणार. हे सगळं डोळ्यांचं काम. वासाला मात्र दोन जण लागतात, नियम आहे. मी आणि गोदामवाला. भला माणूस, पण त्याला लपवता काही येत नाही — वाटीवरचं झाकण काढलं आणि वास चांगला असला की त्याच्या भुवया अशा वर जायच्या. अर्ध्या वर गेल्या की दोन, कपाळाला टेकल्या की तीन. मी आपली — म्हणजे माझा आकडा माझाच असायचा, भुवया आपल्या सहज दिसायच्या. उन्हाळ्यात तो निवृत्त झाला. त्याच्या जागी कुणी आलंच नाही. मग मी एकटीच. तरी एक आकडा चुकला का हो माझा? काढा कागद. लांब, सडपातळ दाणा बघितला की मी ओळखते — सरांचे सगळे सुवासिक वाण लांब दाण्याचेच. बघताक्षणी तीन.

नाही, ‘बघताक्षणी’ म्हणजे — बोलण्याची पद्धत असते एक.

आणि ही बुटकी, सरांचा हा शेवटचा वाण! सरच तिला बुटकी म्हणतात, अकरा वर्षं लागली तिला. दाणा बघितलात? जिऱ्यापेक्षा जरा मोठा असेल. शिजून लांबत नाही, फुलते. सर ती घेऊन आले ते तिचा कागद हातात धरूनच. चिमट्याचा कागद! दारातूनच म्हणाले, ‘ताई, वास आहेच, फक्त नियमाला तुमची सही हवी.’ नियमाला! वीस वर्षं पहिली पुडी, आणि आता नियमाला. खुर्चीत टेकलेसुद्धा नाहीत.

आणा ते डबे, बघू. काय शिजवून आणलंत? … हे काय? दळलंय? शिजवून वाटलंय की — दाणाच नाही यात. दोन्हीत नाही. लापशी झालीय नुसती. अहो, दळून कुणी आणतं का? लांबी कशी मोजायची? … वास. हो, वासासाठी, कळलं. थांबा जरा. गार झालंय, गार भाताला काय वास येणार? कोमट? बरं, कोमट आहे. थांबा. तुम्ही जरा तिकडे तोंड करा. तुमच्याकडे बघितलं की… भुवया नाहीत का हो तुम्हाला? दगडासारखे बसलात.

हा. डावीकडचा. नाही — थांबा.

नाही येत. काहीच नाही येत. गेल्या थंडीतला तो ताप, पंधरा दिवसांचा. उठले तेव्हा कॉफी नुसतं गरम पाणी झालेली. वाटलं, येईल परत. महिना, दोन महिने. घरी कुणाला नाही सांगितलं. सुनेला कळलंय बहुतेक, गॅस तीच बंद करते हल्ली. पण इथे कसं सांगू? मला दुसरं नाव आहे का इथे? आणि तुम्हाला वाटेल, वास येत नव्हता म्हणून शून्य दिलं. तसं असतं तर बरं होतं. कागद होता की समोर! ‘सुवासिक’ लिहिलेला. तिचा निकाल उतरवला असता, तीन लिहून सही ठोकली असती, तर आज तुम्ही इथे नसतात. खरं होतं ते, मला माहीत होतं. पेन हातात घेतलं आणि वाटलं, हिच्या नाकानं मी वास घेऊ? हिच्या? सरांनी तिच्याकडे आधी जावं आणि वर मी मान डोलवावी? म्हणून शून्य. मोठ्ठं काढलं, बघा ना, चौकटीबाहेर गेलंय.

हे काय? सरांचं पत्र? समितीला? … वाचा ना तुम्हीच, चष्मा नाही सापडत माझा. … हं. … परत वाचा ते.

तापानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ओळखलं, माझं नाक गेलंय ते? पहिल्याच? म्हणजे त्यांना — वर्षभर? आणि आखूड दाण्याच्या पुड्या माझ्याकडे येऊ नयेत म्हणून ते वर… आधी वर तपासून घ्यायचे, आणि लांब नि वासाचे तेवढे मला. चुकू नये म्हणून. आणि मी इथे बसून त्यांच्या चपला मोजत होते. वीस वर्षांत त्या माणसानं एक गोष्ट लपवली माझ्यापासून, आणि मी काय समजत बसले.

तिलाही माहीत होतं? … तिलाही. आणि मला मावशी म्हणत राहिली मेली.

द्या तो कागद. चार वाजायला किती आहेत? पुरे. हे शून्य खोडलं, ही बाजूला सही. ‘वास घेता आला नाही’ — एवढंच लिहिते, पुढचं तिच्या कागदावरून भरा. तीन मी नाही लिहिणार, मला आला नाही तर मी कसं लिहू? पण ती रजेवरून आली की सांगा तिला, गरम असताना घ्यायचा म्हणावं, झाकण काढल्याबरोबर, पहिल्या वाफेला. यंत्र नाही सांगत हे. आणि सरांना… सरांना काही नका सांगू.

जा आता. डब्यांना झाकणं लावा आधी, वास उडून जाईल.