पोराचा गुडघा

त्या दिवशी तासगावात ऊन लय कडक, आभाळात बोटभर ढग न्हवता. आमचा संदीप मोठ्या क्लबात फुटबॉल खेळायचा. गुडघ्याच्या जुनाट दुखण्यानं खेळ सुटला अन् तो घरी आला. तो म्हणाला, "आबा, गुडघा ठणकतोय, पाऊस येणार. बेदाण्याच्या शेडला ताडपत्री बांधा."

शेजारचा बापू हसला, "गोल होईना, आता पाऊस पाडतोस व्हय रं?"

संध्याकाळी पावसानं झोडपलं. आमचा बेदाणा वाचला, बापूचा काळा पडला. तवापासून बापू रोज सकाळी गुडघ्याची चौकशी करतोय. खेळाचं मात्र त्यानं कवा विचारलं न्हाई.

परवा मी सांगितलं, "बापू, पोराचं ऑपरेशन ठरलं. गुडघ्याचं दुखणं कायमचं जाईल."

बापूचा चेहराच उतरला. "आवं आबा, एवढा बेदाण्याचा हंगाम तरी जाऊ द्या की!"