वलांड्यांची जागा

कुंदन : आता कशाला आलीस? ग्रामसभा काल झाली.

हेमांगी : माहितीय. काकी कुठंय?

कुंदन : आय नळावर गेलीय. बस की. पालघरवरून आलीस, दमली असशील. एम.ए. भूगोल म्हंजे काय खायचं काम हाय?

हेमांगी : टोमणे नंतर मार, कुंदनदादा. काल काय झालं ते सांग.

कुंदन : मी फोनवर सांगितलं होतं ना, किनाऱ्यावरच्या आपल्या जागेचा इषय हाय, ये म्हणून? मी बोईसरला कंपनीत सुट्टी टाकली. तुला पालघरवरून यायला जमलं नाय.

हेमांगी : प्रबंध जमा करायचा होता. सरांची सही, विभागाचा शिक्का, सगळं कालच.

कुंदन : दिवसभर सहीच करत होते सर?

हेमांगी : नाही. दुपारीच झाली. नंतर मी लायब्ररीत बसून राहिले.

कुंदन : का पण?

हेमांगी : भीती वाटली रे. सभेत उभं राहून 'माझा नकाशा चुकलाय' म्हणाले असते, तर ते कॉलेजपर्यंत गेलं असतं. जमिनीचा वापर स्वतः हिंडून बघायचा, नकाशा काढायचा, त्यावर प्रबंध लिहायचा, त्याशिवाय एम.ए. पूर्ण होत नाही. सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार. नकाशा गेला की प्रबंध गेला, आणि प्रबंध गेला की वर्ष गेलं.

कुंदन : चुकला कसा पण? त्या जागेवर लहानपणापासून बोंबील टांगलेत तू. बोंबील सुकवायच्या वलांड्यांचे बांबू बांधताना दोर कोण धरायचं?

हेमांगी : पाहणी जुलैत केली. मासेमारी बंद, वलांड्या सोडून ठेवलेल्या. सर म्हणाले, त्या दिवशी डोळ्यांना दिसेल ते भरायचं. मला वाळू दिसली, गवत दिसलं. मी 'पडीक' लिहिलं.

कुंदन : आनि तुझे डोळे काय त्याच दिवशी उघडले होते?

हेमांगी : मला माहीत होतं रे. लिहिताना हात अडला होता. पावसाळ्यानंतर परत येऊन बघायचं, दुरुस्त करायचं, असं ठरवलंही होतं. आळस केला. वाटलं, कोण बघतंय, मार्कांपुरतं तर आहे.

कुंदन : बघितलं ना पण. बानंच तो नकाशा फ्रेम करून पंचायतीत लावला, 'आमच्या पुतणीनं काढलाय' म्हणून. काल सरपंचांनी भिंतीवरून उतरवला नि सगळ्यांना फिरवून दाखवला. म्हणाले, 'जागा पडीक हाय, शनवार-रयवारच्या गाड्यांना पार्किंग करू. मी नाय म्हणत, आपल्याच पोरीनं लिवलंय.'

हेमांगी : मग काकी काय म्हणाली?

कुंदन : ती आलीच बघ. तिलाच इचार.

पुष्पलता : (डोक्यावरचा हंडा उतरवत) अगो बाय, कधी आलीस? जेवलीस काय? कुंदन, बहिणीला चा तरी दिलास?

हेमांगी : काकी, काल सभेत तू काय बोललीस?

पुष्पलता : कायच नाय. मी कशाला बोलतेय? तुझी परीक्षा सोमवारी ना? उपाशी नको जाव.

कुंदन : आय, सांग तिला.

पुष्पलता : तू गप रे.

कुंदन : मग मी सांगतो. सगळ्या बाया उठल्या, नकाशा खोटा हाय म्हणाल्या. तशे सरपंच आयकडं वळले. 'पुष्पलताबाय, तुमच्या पुतणीनं खोटं लिवलंय काय? तसं असंल तर कॉलेजला कळवू.' आय उभी राह्यली नि म्हणाली, 'पोरीनं बरोबर लिवलंय. आमी तिथं सुकवत नाय आता.'

हेमांगी : काकी, असं का म्हणालीस तू?

पुष्पलता : मग काय म्हणू? आमची पोर खोटी, तिचा प्रबंध फेकून द्या? आपल्या घरात इतकं कोण शिकलंय आजवर? एका जागेपायी ते सगळं घालवू?

हेमांगी : एक जागा काय, काकी? तू बोंबील सुकवणार कुठं?

पुष्पलता : थोडे वरच्या पत्र्यावर घालीन. बाकीचे ओलेच इकीन.

कुंदन : आनि बाकीच्या बाया? कालपासून आळीतली एक बाय आयशी बोलली नाय.

पुष्पलता : बोलतील. राग हाय, उतरंल.

हेमांगी : माझं चुकलं, काकी. माहीत असून लिहिलं, आणि काल मुद्दाम आले नाही. तू तिथं एकटी उभी होतीस तेव्हा मी पंख्याखाली बसले होते. माझीच मला लाज वाटते. मी आत्ताच सरपंचांकडे जाते. सोमवारी परीक्षकांनाही सांगते, तिथं वलांड्या असतात. वर्ष गेलं तर जाऊ दे.

कुंदन : आता बोललीस. चल, मी येतो.

पुष्पलता : बसा दोगं खाली.

हेमांगी : अडवू नकोस, काकी.

पुष्पलता : अडवत नाय. नीट ऐक. काल मी सगळ्या गावासमोर सांगितलं, पोर खरी हाय. आज तू जाऊन सांगणार, काकी खोटी हाय. मग मी त्या बायांत कशी बसू? आज नुसत्या रुसल्यात. उद्या तोंडावर म्हणतील, पुतणीच्या डिग्रीपायी हिनं आमची जागा घालवली.

हेमांगी : तसंच झालंय ना पण.

पुष्पलता : झालंय. मला ठाव हाय. पण आपल्या तोंडातून नको निघायला.

कुंदन : आय, काय बोलतेस तू?

पुष्पलता : तू चा ठेव जा. हेमा, डिग्रीचं आता काय काय राह्यलंय?

हेमांगी : तोंडी परीक्षा. तेवढीच.

पुष्पलता : त्यात काय इचारतात?

हेमांगी : नकाशावर बोट ठेवतात आणि विचारतात, इथं काय आहे.

पुष्पलता : मग सांग, कायच नाय. तुझं नि माझं एकच असू दे.